तीन नंबर

बंदराच्या उतारावर उभी केली, की हलायला लागते.
आरशातलं हर्णै दुहेरी दिसतं,
कप्प्यातली चिल्लर आपापसात बोलते.
आणि आसूदच्या चढाला, दुसऱ्या गिअरमध्ये,
शब्द जिभेवर अडावा तशी
अ- अ- अ-
मागून बर्फाचा टेम्पो हॉर्न देतो.

सत्त्याण्णवची आठशे.
पांढरी होती, आता ताकाच्या रंगाची.
दारांच्या खालच्या कडा
खाऱ्या वाऱ्यानं घावनासारख्या जाळीदार करून ठेवल्यात.

निदान सगळ्यांकडे तयार असतं.
मेहुणा म्हणाला, पेट्रोलात पाणी.
शेजारचे खांबेटे म्हणाले, कार्बोरेटर.
बायको म्हणाली, विका.
कार्बोरेटर धुतला, फिल्टर बदलला, प्लग तिन्ही नवे.
साडेअकराशे गेले. थरथर होती तिथंच.

मुनाफ हमदुलेनं पान्याला हातच लावला नाही.
बोनेट उघडून एक कान इंजिनाकडे,
दुसऱ्यात बोट, डोळे मिटलेले.
नंतर मला मागं पाठवलं.
"सायलेन्सरपुढं तळवा धरा. काय लागतं ते सांगा."
फू, फू.
मग रिकामी जागा.
फू, फू.
"तिसरा येत नाही रे."
"तीनच हायत हिला, काका."

इंजिन चालू ठेवूनच
तो प्लगच्या वायरी उपटत गेला.
एक नंबर काढली: गाडी पडता पडता सावरली.
दोन नंबर काढली: बंदच.
पुन्हा चालू केली, तीन नंबर काढली,
आणि काही नाही.
तेवढीच थरथर, तोच आवाज,
कुणी गेलंय याचा पत्ताच नाही.
"काढल्यावर फरक पडत नाय ना, तोच आजारी,"
मुनाफ बोटं पुसत म्हणाला.

मला सोसायटीतली माझी खुर्ची दिसली.
मच्छीमार सोसायटी, एकतीस वर्षं जमाखर्च.
निवृत्तीनंतर पंधरा दिवसांनी
चष्म्याचं घर विसरलं म्हणून गेलो होतो.
डिझेलच्या पावत्या फाटत होत्या,
पंखा त्याच किरकिरीवर फिरत होता.
अरे, तुम्ही! बसा की, म्हणाले.
बसलो नाही.

"म्हणजे खोलावं लागणार? इंजिन?"
"उगाच कशाला. काळोख पडू दे."

काळोखाची वाट बघणारा मेकॅनिक
मी पहिल्यांदाच पाहिला.
लिलाव उठला, टोपल्या गेल्या,
मगरिबची नमाज पढून तो आला,
बल्ब बंद केला,
शेजारच्या सलूनमधनं पाणी मारायची बाटली मागून आणली
आणि वायरींवर फुस्स, फुस्स,
गिऱ्हाइकाच्या मानेवर मारावं तसं.

दिसलं.
तिसऱ्या वायरीच्या वळणाशी
निळी, केसाएवढी, टिक टिक उडी मारणारी.
रात्री जाळी टाकायला जाणारे सांगतात
वल्ह्याखाली पाणी असं पेटतं कधीकधी.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
बघण्यासारखंच होतं.

"ठिणगी हाय," मुनाफ म्हणाला, "जोरदार हाय.
पोचत नाय फक्त.
वाटेतच लोखंडात उतरते.
खारी हवा. रबराला चीर जाते,
दिवसाची ती दिसत नाय."

वायर दोनशे ऐंशी.
मजुरी विचारली तर म्हणाला, कशाची, अंधाराची?
मग शंभर घेतले.

आसूदचा चढ तिनं एका दमात म्हटला.
स्टिअरिंग अजून हलतं थोडं,
ते माउंटिंगचं, ते पुढच्या महिन्यात,
किंवा राहू दे.

जुनी वायर मी मागून घेतली होती.
कशाला, हे बायकोला सांगता आलं नाही.
दोन दिवस टेबलावर पडून होती.
मग तिनं ती उचलून मांडवाला बांधली.
पडवळाचा वेल चढलाय आता तिच्यावरनं,
वळणाशी जरा थांबून
पुढं गेलाय.